घोडा सोडून देणे ही सुटका नव्हे

मुंबईतील व्हिक्टोरिया बग्ग्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या, हे योग्यच झाले. पण काम थांबले म्हणून घोड्याचे पोट थांबत नाही. घोडा 25-30 वर्षे जगू शकतो. शर्यतीतून किंवा वरातीतून बाद झाल्यावरही बरीच वर्षे उरतात.

साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज 6-7 किलो कोरडा चारा आणि निदान 25 लिटर पाणी लागते. दर 6 ते 8 आठवड्यांनी खूर छाटावे लागतात, वर्षातून एकदा दाढा घासून घ्याव्या लागतात. दाढांना धार आली की चारा नीट चघळला जात नाही, तो आतड्यात अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट फुगले की जिवावर बेतते.

रस्त्यावर बरगड्या दिसणारा घोडा पाहून लोक दयेने हरभरे, गूळ, चपात्या घालतात. कृपया तसे करू नका! उपाशी शरीरात एकदम पिष्ट-साखर गेली की रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घटतात. खाऊ घातल्यावर काही दिवसांतच घोडा दगावू शकतो. पाणी ठेवा, थोडे सुके गवत द्या, पशुवैद्यकाला बोलवा.

उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. असाध्य वेदनेतला घोडा दलालाला विकण्यापेक्षा पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणे अधिक माणुसकीचे. आणि धडधाकट घोड्याच्या उतारवयाचा खर्च मालकाने त्याच्या कमाईच्या वर्षांतच बाजूला काढलाच पाहिजे.

– एक वाचक, परळ, मुंबई