पुडी तुझी, तोंड तुझं, मग भांडण कशाचं?

उदगीर

प्रिय बाळू,
स. न. वि. वि.

गुटखाबंदीवर चिडून लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. 'माझं तोंड, माझी पुडी, सरकारच्या बापाचं काय जातंय?' वाचून हसू आलं. पुण्यात राहूनही भाषा इकडचीच ठेवलीस, बरं वाटलं.

पण राजा, तुझ्या खाण्यावर बंदी आहेच कुठं? 2012 पासून राज्यात गुटखा बनवायचा नाही, साठवायचा नाही, विकायचा नाही. चघळणाऱ्याला ही बंदी हात लावत नाही. आणि गंमत बघ. कायद्याच्या लेखी गुटखा हा खाद्यपदार्थ. खाद्यपदार्थात तंबाखू नको हा 2011 चा नियम, म्हणून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी. तीही एका वेळी वर्षभराचीच, की पुन्हा नवा आदेश. साधी तंबाखू, बिडी मात्र उघड मिळते. यावर तू चिडलास तर मी तुझ्या बाजूनं.

माझा राग वेगळा आहे. कर्नाटकाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर, माल तिकडून येतो. टपरीवर मागितलं की गडी आधी इकडंतिकडं बघतो, मग बिस्किटाच्या बरणीमागून दोन पुड्या काढतो, एक मसाल्याची, एक तंबाखूची. त्या एकत्र केल्या की झाला गुटखा. छाप्यात सापडतो हा टपरीवाला. कारखानदाराचं नाव कधी ऐकलंस का? बंदीनं भाव तेवढा वाढला.

तरी 'ज्याचं त्यानं बघावं' हे मला पटत नाही. आरशापुढं उभा राहा आणि तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. जातात का? आमच्या आतेभावाची दोन जाईनात. सुपारीनं गाल आतून पट्ट्यासारखे आवळले. डॉक्टर म्हणाले, सोडलं तरी हे पहिल्यासारखं होणं अवघड. आता वहिनी त्याला भाकरी वरणात कुस्करून देते. तोंड त्याचं खरं, पण कुस्करणारे हात कुणाचे?

म्हणून मला दारूच्या बाटलीचा कायदा जास्त आवडतो. बायकांनी मागणी केली की मतदान होतं, आडवी बाटली का उभी. आडवी म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद, उभी म्हणजे चालू. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणी आडवीला मिळाल्या तर दुकान बंद. ज्यांच्या घरात भांडी आदळतात त्यांनाच विचारलं जातं, हे चांगलं. खोट एकच, पण ती लई मोठी. निम्म्या धरायच्या त्या यादीतल्या सगळ्यांच्या, मत द्यायला आलेल्यांच्या नव्हे. आपल्याकडच्या कितीतरी बाया दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तेव्हा मतदान लागलं तर फडात असलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीलाच मत दिल्यासारखी. नवऱ्याच्या दारूपायी जिनं मजुरीची आगाऊ उचल घेतली, तिचंच मत दुकानदाराच्या पदरात! मतदान लावायचं तर ते टोळ्या परतल्यावर लावा, एवढं साधं कुणाला सुचू नये?

आता तू म्हणशील, निम्म्या गावानं माझ्यावर राज्य का करावं? प्रश्न रास्त आहे, पण तो पत्रात मिटायचा नाही. वेळ अमावास्येच्या सणाला शेतावर ये. भज्जी असेल, आंबील असेल, भांडायला अख्खी दुपार असेल. पुड्या तेवढ्या पुण्यातच ठेव, आईनं खिसे तपासायचं ठरवलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता