पाणपोई कोरडी, स्वच्छतागृहाला कुलूप : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी ठाण्यातल्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत आशा सेविका आहे. गेल्या मंगळवारी भर दुपारी एका घराच्या उंबऱ्यावर मला भोवळ आली. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कशी कालवायची हे मी ज्या बाईला दाखवत होते, तिनेच ते पाणी मला पाजलं.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" सकाळी निघताना अर्धा पेला, मग थेट संध्याकाळी घरी. सांगताना मान खाली गेली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, वर्षातला तिसरा. शेजारणी म्हणतात, उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पी. पिईन हो, पण मग जाऊ कुठे? फेरीवर निघालेली बाई तहान मारते ती याच भीतीने. दुसऱ्यांच्या घरी किती वेळा विचारायचं?

शिवरात्रीच्या सुमारास तुम्ही आमच्या नाक्यावर आला होता. पाडव्याआधी पाणपोई सुरू होईल, बायकांचं स्वच्छतागृह उघडेल, असं माईकवरून म्हणालात. मी पुढच्याच रांगेत होते, टाळ्याही वाजवल्या. आता वैशाख लागला. पाणपोईच्या नळाला तोटी नाही, स्वच्छतागृहाचं कुलूप गंजलंय आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगत नाही. तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सरकारी कार्यक्रमात उन्हाने 14 माणसं गेली. त्यानंतर सरकारने त्या उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्यावरचे कार्यक्रम बंद केले. आमची फेरी, टोपली घेऊन बसलेली भाजीवाली, नाक्यावरचे मजूर, हे उघड्यावर नसतात का? इथल्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून अंग निवत नाही. हे आम्ही दारोदार सांगतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तानसा धरण तिथलं, भातसा धरण तिथलं. मुंबई त्या पाण्यावर जगते आणि तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आई हंडे वाहून वाकली. मी शहरात आले, तर पिशवीत भरलेली बाटली घेऊन तहानलेली फिरते. साहेब, इतक्या वर्षांत धरणं झाली, पाइप टाकले, आणि आमच्या घशापर्यंत पाणी आणणं तेवढं राहून गेलं!

मला सत्कार नको, साडी नको. तोटी बसवा, कुलूप काढा. सोमवारपासून मला पुन्हा फेरीला जायचंय.

एक आशा सेविका,
ठाणे