हवानाहून बाबांना

हवाना (क्युबा), १५ जून २०२५

ती. बाबांस व आईस सा. न. वि. वि.

वर्गातली एक मुलगी माद्रिदमार्गे दिल्लीला निघालीय, तिच्याकडे हे पत्र देतेय. फोन लागला नाही तर आईने घाबरायचं नाही. वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मरतो, एवढंच.

बाबा, 'तिकडे सरकार इंटरनेट बंद ठेवतं म्हणतात, खरं का?' असं तुम्ही विचारलंत. बंद नाही. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक चालतं. सरकारला झोडपणारी 'कातोर्से इ मेदियो'सारखी वृत्तपत्रं तेवढी व्हीपीएनशिवाय, म्हणजे आडवाटेने नेट जोडणाऱ्या अ‍ॅपशिवाय, उघडत नाहीत. काही सेवा तर अमेरिकेच्या निर्बंधांपायी तिकडूनच बंद, हेही सांगायला हवं.

खरी गोम वेगळीच. देशात फोन-इंटरनेटची कंपनी एकच, सरकारी: एतेक्सा. ११ जुलै २०२१ ला हवानाजवळच्या सान आंतोनियो गावात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले, ते फेसबुकवर लाइव्ह दिसलं आणि गावोगाव मोर्चे निघाले. मग मोबाइलचं नेटच गेलं. एकच नळ असला की चावी फिरवायला कितीसा वेळ लागतो! आता ३६० पेसोंत महिन्याला ६ जीबी मिळतं, पुढच्या ३ जीबीला मोजा ३,३६०. म्हणजे सरासरी सरकारी पगाराच्या जवळपास निम्मे! हवाना विद्यापीठातल्या गणित-संगणकाच्या मुलांनी तर या दरांविरुद्ध वर्गांवर बहिष्काराची हाक दिली. तुमच्या लाल बावट्याच्या सभा आठवल्या. इथे मात्र लाल बावटाच मालक, तेव्हा संप कोणाविरुद्ध करायचा?

गंमत म्हणजे लोकांनी नेटशिवायच आपली सोय केलीय. तिला 'पाकेते', म्हणजे पुडकं, म्हणतात. दर आठवड्याला एक टेराबाइटच्या आसपास माल: सिनेमे, मालिका, अ‍ॅप, जुन्या गाड्यांच्या जाहिरातीसुद्धा. आमच्या गल्लीतला पोरगा हार्ड डिस्क खिशात घालून दारोदार फिरतो. घरमालकीणबाई पेनड्राइव्ह पुढे करतात नि तुर्की मालिकेचे भाग तेवढे मागून घेतात. बेकायदा म्हणावं तर सगळ्यांना ठाऊक. पण त्यात राजकारण औषधालाही नसतं. कोणी तपासायला येत नाही, माल भरणारेच गाळतात. धंदा टिकवायचाय ना! मला बंद साइटींपेक्षा हेच जास्त खुपतं.

बरं, काकांना म्हणावं, सकाळची फुलांची चित्रं पाठवणं थांबवा, माझे ६ जीबी त्यातच जातात. आणि आईने व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडून आवाजाचे मेसेज पाठवावेत, लांबलचक चालतील.

तुमची,
मनू