वाई नगरपालिकेतल्या मॅडमना, मोडीतल्या एका ओळीबद्दल

आदरणीय मॅडम,
स. न.

जन्म-मृत्यूच्या खिडकीशी रोज इतकी माणसं येतात, की मी तुमच्या लक्षात नसेन. लेकीच्या जात पडताळणीसाठी पिंपरीहून दोनदा आलेला शिंपी, तो मी.

आम्हा ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि वडील शाळेत गेले जून 1968 ला. आठ महिन्यांनी हुकलं. आजोबांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही, बाराव्या वर्षी मशीनवर बसले. दुसऱ्या एका कार्यालयात ‘इतकं जुनं कुठं सापडतंय’ एवढंच ऐकून मी वाईची एसटी धरली होती.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, “कुठली आळी?” मधली आळी म्हटल्यावर दुसरा, “पणजोबांचं नाव काय?” मी आजोबांचं नाव घोकून आलो होतो. तेव्हा कुठं कळलं, की नोंद व्हायची तेव्हा बाळाचं बारसंही झालेलं नसायचं. रजिस्टरात नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव. आजोबांच्या नावानं मी जन्मभर शोधलं असतं तरी काही हाती लागलं नसतं.

1934 च्या रजिस्टराची पानं कडांनी पापडासारखी मोडत होती. त्यात आम्ही नव्हतो. मी पिशवी उचलली, तर तुम्ही मृत्यूच्या नोंदींचा बस्ता सोडायला घेतलात. तो काढा असं मी म्हटलं नव्हतं, मला ते सुचलंही नसतं. मोडी मला येत नाही; सगळ्या ओळी एकाच दोऱ्यात ओवल्यासारख्या दिसत होत्या. 1936 च्या एका पानावर तुमचं बोट थांबलं. पणजोबांचं नाव, मधली आळी, जात शिंपी. मयत मुलगी, वय आठ महिने, कारण ताप.

आजोबांना बहीण होती हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही ती ओळ दोनदा वाचलीत आणि मग थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. तेही माझ्या लक्षात आहे.

पुढचं सगळं रीतसर झालं. साक्षांकित प्रत, मोडीचं लिप्यंतर (ज्या निवृत्त गुरुजींचा पत्ता दिलात, त्यांनाही नमस्कार सांगा), नवं प्रतिज्ञापत्र. वंशावळीत आजोबांच्या शेजारी एक चौकट वाढली. लेकीला वैधता मिळाली, प्रवेशही झाला.

मराठी विश्वकोश ज्या गावात तयार झाला, त्या गावात आमच्या घराबद्दल लिहिलेली ही एवढीच ओळ, आणि तीही बस्त्यात बांधलेली. ‘आपले सरकार’वर किती क्लिक केले असते तरी ती दिसली नसती. त्यासाठी बस्ता सोडणारा माणूसच लागतो. तुमच्या वरिष्ठांनी हे पत्र वाचलं तर त्यांना एकच विनंती, त्या खोलीतल्या कपाटांची ओल तेवढी बघा.

कंदी पेढ्यांचा पुडा तुम्ही परत केलात, एकच पेढा घेतलात. बाकीचे मी ढोल्या गणपतीपुढे ठेवले. येत्या रविवारी लेकीला घेऊन मधली आळी बघायला येतोय. पण तुम्हाला सुट्टी असेल, म्हणून हे पत्र.

आपला,
मधल्या आळीतल्या शिंप्यांचा पणतू