लॅबवाल्या भाऊंना, रिटायर व्हायच्या आधी

भाऊ, नमस्कार.

तुम्ही या 31 तारखेला रिटायर होऊन राहिले असं परवा बॅचच्या ग्रुपवर कळलं आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "बरं बरं, जेवली का?" म्हणून विषय बदलणार हे मला माहीत आहे, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते.

2017 ला मी यवतमाळला बीएस्सीला आले. दारव्हा रोडवरच्या गावावरून रोजचं अपडाऊन, सकाळची पहिली एसटी, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि मॅडम इंग्रजीतून शिकवायच्या तेव्हा मी फक्त फळ्यावरचं उतरवून घ्यायची. त्यात ते साल कसं होतं हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, रोज पेपरात तेच, आणि इकडं माझे बाबा पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत. एक दिवस त्यांनाही चक्कर आली, डोळ्यांची आग आग, दोन रात्री दवाखान्यात काढल्या. बाबा बरे झाले पण माझं ध्यान काही वर्गात परत आलं नाही. नंतर गुलाबी बोंडअळीनं राहिलेली बोंडंही खाल्ली. हिवाळी परीक्षेत माझे केमिस्ट्री आणि मॅथ्स दोन्ही राहिले. घरी सांगितलंच नाही, रिझल्ट लागायचा आहे म्हणून सांगत राहिले, आणि कॉलेज सोडून द्यायचं हे मनात पक्कं करून टाकलं होतं.

हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, तुमच्या आलं. प्रॅक्टिकल झालं की सगळे जायचे, माझी एसटी पावणेपाचला, मग मी तिथंच उगाच टेस्ट ट्यूब धूत बसायची. तेव्हा टायट्रेशन चालू होतं, म्हणजे ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोल्युशन खालच्या फ्लास्कात सोडून मोजायचं. तुम्ही एक दिवस विचारलं, "पोरी, ब्युरेट ज्या सोल्युशननं भरतो त्याच सोल्युशननं विसळतो, मंग फ्लास्क त्याच्यातल्या सोल्युशननं काऊन नाई विसळत?" मला आलं नाही. सहा महिने मी ते करत होते आणि का करते ते माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाले, फ्लास्कात आपण पिपेटनं मोजून टाकतो, आधीच त्याचं थोडं आत राहिलं त मोजलेल्याहून जास्त होते ना, सगळं रिडिंग चुकते. एवढंच. माझ्या भाषेत, दोन वाक्यांत. मी रडायलाच लागले आणि मग सगळं सांगून टाकलं, बाबांचं, रिझल्टचं, सगळं.

तुम्ही उपदेश नाही केला. म्हणाले, "टायट्रेशनचं पयलं रिडिंग पायलट असते, नुसतं अंदाजाचं, ते कोणी हिशोबात धरत नाई. पण जर्नलमधी लिवा लागते, लपवता येत नाई." आणि मग लगेच, "बापाले सांग. त्याले दुसऱ्याकडून समजलं त जास्त लागन." मी त्याच रात्री सांगितलं. बाबा खूप वेळ बोलले नाहीत. सकाळी एसटीपर्यंत सोडायला आले, आणि फक्त म्हणाले, पुढच्या पेपराच्या टायमाले कापूस वेचाले येऊ नको, आमी पाहून घेऊ. दिवाळीनंतर वेचणी आणि हिवाळी परीक्षा एकत्रच येतात, त्यात घरच्या दोन हातांनी नाही येणं म्हणजे काय असतं हे शेतकऱ्याच्या घरातच समजतं.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते हेही तुमच्याकडूनच कळलं. ती आली तेव्हा दिसलं की मला जे येत होतं त्यातलेच दोन प्रश्न कोरे होते, कारण पहिल्या प्रश्नावर मी पाऊण तास घालवला होता! मग तुम्ही लायब्ररीतून जुन्या पेपरांचा गठ्ठा काढून दिला, आणि पावणेपाचपर्यंतचा तो रिकामा वेळ माझा घड्याळ लावून पेपर सोडवायचा वेळ झाला. आधी डबा खायचा मात्र. रिकाम्या पोटी लॅबमध्ये उभं राहायचं नाही हा तुमचा नियम, डबा नसला तर तुमच्यातली अर्धी भाकर.

पण खरं सगळ्यात मोठं काय केलं सांगू का, तुम्ही मला मॅडमकडं पाठवलं. मी म्हणत होते मला काहीच समजत नाही, तुम्ही म्हणाले "काहीच नाई समजत असं कोणाले इचारता येत नाई, एक गोष्ट घेऊन जा." मी आठवडाभर शोधली. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन चालू होतं, फ्लास्क गरम करूनही पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जायला वेळ लागायचा आणि नंतरचे थेंब पटापट विरायचे. मी थरथरत स्टाफ रूममध्ये गेले आणि मराठीतच विचारलं, मॅडम असं कशामुळे? मॅडमनी चक्क खुर्ची दिली. रिॲक्शनमध्ये मँगनीजचे जे आयन तयार होतात तेच पुढं कॅटॅलिस्टचं काम करतात, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवतात, सुरवातीला ते नसतात म्हणून वेळ लागतो, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. तो कागद आजही माझ्याकडं आहे. त्यानंतर मी दर आठवड्याला एक प्रश्न न्यायची, जर्नलच्या समासात पेन्सिलनं मराठीत लिहून. मॅडम सांगायच्या की पूर्ण वर्गात मीच एकटी विचारायची, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथलेच आहोत, पाहुणे नाही. हळूहळू समासातले प्रश्न पाहून वर्गातल्या दोघी माझ्यासोबत बसायला लागल्या, त्या आजही माझ्या जिवाच्या मैत्रिणी आहेत.

उन्हाळी परीक्षेत दोन्ही विषय निघाले. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे, अमरावतीला विद्यापीठात एमएस्सी झाली, आणि आता मी स्वतः एका ज्युनिअर कॉलेजात प्रॅक्टिकल घेते. यंदा एक पोरगा आहे, नायट्रेट ओळखायच्या रिंग टेस्टला ॲसिड सरळ मधोमध ओततो, रिंग येतच नाही, आणि गप्प उभा राहतो. मागच्या आठवड्यात सगळे गेल्यावर मी त्याला थांबवलं आणि विचारलं, ॲसिड टेस्ट ट्यूबच्या कडेनं हळूच काऊन सोडतो माहीत आहे का? त्यालाही नव्हतं माहीत. मग दोघांनी मिळून केलं, ॲसिड खाली बसलं आणि मधात तपकिरी रिंग आली, तो दोन मिनिटं नुसता पाहतच राहिला. डबा आणला होता का तेही विचारलं.

येत्या रविवारी मी आणि बाबा तुमच्याकडं येऊन राहिलो. यंदा बांधावरच्या तुरीला शेंगा चांगल्या लागल्या आहेत, माय ओल्या शेंगांचं पोतडं बांधून देते म्हणते. काकूंना सांगा, उकडायला मोठा गंज काढून ठेवा.

तुमची,
पावणेपाचच्या एसटीवाली पोरगी