लपवलेलं लेकरू आणि ठाण्यातलं ‘कोर्टात जा’

प्रति,
माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईला वकिली करतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की माझ्याकडे ठरावीक तक्रार घेऊन बाया येऊ लागतात. नवऱ्याशी बिनसलेलं, बाई माहेरी, आणि लेकरू बापाने टोळीबरोबर नेलेलं. कोणत्या कारखान्यावर, कोणी सांगत नाही. सांगली-कोल्हापूरही असेल, सीमेपलीकडचं कर्नाटकही. मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराला, माहीत असतं, पण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्याने बापाला दिलेली असते. तो कशाला तोंड उघडेल?

बाई आधी ठाण्यात जाते. तिथलं उत्तर मला पाठ झालंय: “लेकरू बापापाशीच हाय ना? मग कोर्टात जा.” यातलं अर्धं बरोबर आहे. बाप नैसर्गिक पालक असल्याने कोर्टाचा आदेश नसताना त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा सहसा टिकत नाही. बेकायदा डांबलेल्या माणसाला शोधून काढायच्या झडती वॉरंटचं कलम, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ९७ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) १००, बापाकडच्या मुलाला सहजासहजी लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालात आलेलं आहे. तरी आमचे काही वकीलबंधू अजून तोच अर्ज टाकून बाईचे महिने घालवतात.

पण गुन्हा बसत नाही म्हणजे पोलिसांना कामच नाही, असं कसं? लेकरू धडधाकट आहे का, कोणापाशी आहे, एवढं बघून आईला सांगायला कोणतं कलम आडवं येतं? तक्रारीची साधी पोचही मिळत नाही. पुढे कोर्टात समोरचा वकील विचारतो, इतके दिवस बाई गप्प का होती? दाखवायला कागद नसतो.

कायद्यात वाटा आहेत. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २५ खाली ताब्याचा अर्ज करता येतो, कलम १२ खाली तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. मूल एरवी जिथे राहत होतं तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, पण मूल हलवलेलं असलं की समोरून पहिली हरकत अधिकारक्षेत्राचीच येते. घरात मारहाण, छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २१ आहे. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढेच तात्पुरता ताबा मागता येतो, आणि हे ठाण्यात आलेल्या बाईला कोणी सांगत नाही. लेकरू कुठे आहे हेच कळत नसेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘मुलाला कोर्टापुढे हजर करा’ अशी याचिका. मुलाच्या ताब्यासाठी अशी याचिका चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तरी लपवणाराच जिंकतो, कारण वेळ त्याच्या बाजूने धावतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईपाशी असावं. मूल साडेचार वर्षांचं असलं की बापाला फक्त एक हंगाम काढायचा असतो. टोळी उन्हाळ्यात परत येते तोवर लेकराने पाची ओलांडलेली, आजीला चिकटलेलं, आईला बघून बुजणारं. मग कोर्टापुढे म्हणायला मोकळे, ‘मूल रुळलंय, हलवू नका.’ कोर्ट मुलाचं हित बघणार, ते बघायलाच हवं. पण हे रुळणं लपवण्यातूनच झालेलं असतं. माहेरी मूल दडवून बापाला तोंडही बघू न देणाऱ्या आयाही मी पाहिल्यात. त्यांच्याबाबतही माझं म्हणणं हेच.

म्हणून आपण राज्यातल्या सगळ्या ठाण्यांना एक परिपत्रक काढावं. आई असो वा बाप, लेखी तक्रार आली की त्याच दिवशी नोंद आणि पोच. मूल ज्या हद्दीत असल्याचं कळेल तिथल्या ठाण्याने तीन दिवसांत ते समक्ष पाहून अहवाल द्यावा. कर्नाटकात असेल तर तिथल्या पोलिसांना लेखी कळवून पाठपुरावा करावा. टोळी कोणत्या कारखान्यावर आहे हे मुकादमाला आणि कारखान्याच्या शेती विभागाला विचारायचा अधिकार ठाणेदाराला स्पष्ट शब्दांत द्यावा. कोर्टाचा आदेश घेऊन आलेल्या आईबरोबर महिला पोलीस पाठवावी. गाडीचं भाडं तिच्याकडून घेऊ नये.

यंदाच्या टोळ्या निघण्याआधी हे परिपत्रक ठाण्यांत पोचावं, ही विनंती.

आपला,
एक वकील, अंबाजोगाई