बादलीभर पाण्याचा हिशेब सांगणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

लातुरात माशांची टाकी घ्यायची म्हटल्यावर आमच्या सासूबाईंनी आधी हेच विचारलं, "पाणी कुठून आणणार?" 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्या हे विचारणारच. तुम्हीही दुकानात टाकी दाखवायच्या आधी नळ किती दिवसांनी येतो, बोअर आहे का, हे विचारलंत. लेकीला गोल्डफिश हवे होते. ते घाण फार करतात, पाणी जास्त काढावं लागेल, असं सांगून तुम्ही गप्पी आणि मॉली दिल्यात, त्याही मोजक्याच. बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं. स्वतःचा गल्ला बाजूला ठेवून असा सल्ला कोण देतं?

तुमचं माप आता घरात सगळ्यांना पाठ आहे. 60 लिटरची टाकी, आठवड्याला 15 लिटर पाणी बदलायचं, म्हणजे एक बादली. पण खरे आभार मानायचे आहेत ते तुम्ही त्यामागचं कारण समजावलंत त्याचे. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानानं सौम्य, पण ते साचत जातं आणि पाणी काढल्याशिवाय फारसं कमी होत नाही. बिलाच्या पाठीमागं तुम्ही आकडे मांडलेत: दर आठवड्याला चौथा हिस्सा काढला तर साठा साधारण चार आठवड्यांच्या घाणीपाशी येऊन थांबतो, दहावा हिस्साच काढला तर दहा आठवड्यांच्या. लेकीनं ते गणित वहीत उतरवून घेतलंय.

आपल्याकडं मे महिन्यात टाकीची पातळी भराभर उतरते. वरून पाणी ओतलं की बदललं, असं पुष्कळांना वाटतं. तुम्ही म्हणालात, "आमटी आटली की मीठ कुठं जातं, ताई?" वाफ उडते, क्षार खालीच राहतात, आणि त्यात बोअरचे नवे क्षार पडतात. तेव्हापासून भर घालणं वेगळं आणि बदलणं वेगळं.

काचेवर चिकटपट्टी लावून कुठपर्यंत उपसायचं ते तुम्ही दाखवलंत. नळीचं तोंड वाळूत खुपसलं की तपकिरी गाळ गिरक्या घेत वर चढतो आणि वाळू तिथंच खाली बसते, ते बघायला लेक दर रविवारी हजर असते. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरायचा नाही, कारण क्लोरीननं कामाचे जिवाणू मरतात. नव्या पाण्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकायचे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं, म्हणून बादली रात्रीच घरात भरून ठेवायची. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, माशांना ते सोसत नाही.

काढलेली बादली सासूबाई स्वतः उचलून कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालतात. नायट्रेट म्हणजे झाडांचं खाद्यच, हे तुम्हीच सांगितलंत. पाणी मोरीत जात नाही म्हटल्यावर घरातला विरोध मावळला.

काका, तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आणि खऱ्या सल्ल्याबद्दल मनापासून आभार. एकच विनंती आहे. ते बिलामागचं गणित मोठ्या अक्षरात लिहून दुकानातल्या टाक्यांशेजारी लावा. लेक म्हणते, लिहून ती देईल.

आपली,
लातूरची एक गिऱ्हाईक